पुलियावरचे पोट्टे

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे वसतिगृहातल्या गमतीजमती मागितल्या होत्या. दिवाळी आहे, हलकंफुलकं काहीतरी द्या, असं ते फोनवर म्हणाले. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यातल्या एक-दोन खाली येतीलही. पण त्याच आठवड्यात मी वर्ध्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. व्यासपीठावरचे पाहुणे सांगत होते की आजच्या पोरांना रिकाम्या वेळेचं काय करावं तेच कळत नाही, सगळी मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं, कारण मी उठून उभा राहणार हे तिला कळलं होतं. तिथं बोललो नाही ते इथं लिहितो. संपादकांनी माफ करावं.

मी शासकीय वसतिगृहात गृहपाल होतो. लोक वॉर्डन म्हणतात आणि हातात दांडा असलेला माणूस डोळ्यांपुढे आणतात. दांडा मी कधी बाळगला नाही. माझ्या हातात बहुतेक वेळा पान्हा असायचा, कारण पाण्याची मोटर दर पंधरवड्याला रुसायची. प्रवेश देणं, मेसच्या ठेकेदाराशी वरणाच्या पातळपणावरून भांडणं, तापानं फणफणलेल्या पोराला ऑटोत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणं, संडासाच्या तुटलेल्या कड्या बसवून घेणं, हे सगळं गृहपालाचं काम. पण खरी नोकरी वेगळीच असते. पोरगं कॉलेजात असतं तेव्हा ते प्राध्यापकांचं, झोपलेलं असतं तेव्हा देवाचं किंवा निसर्गाचं. कॉलेज सुटल्यापासून जेवणाच्या घंटेपर्यंत, आणि अख्खा रविवार, ते कोणाचंच नसतं. तेव्हा ते माझं असायचं. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं या वेळात काय करतं, त्यावर गृहपालाचा रक्तदाब ठरतो.

आमचं वसतिगृह वर्ध्याच्या कडेला होतं, जुनी वस्ती संपून नवे लेआउट सुरू होतात तिथं. कोणतं ते लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

जून-जुलैत नवी पोरं यायची. पहिल्या दोन रविवारांत मला कोण कोणत्या भागातलं ते न विचारता कळायचं. हिंगणघाटकडचे, वडनेर-समुद्रपूर पट्ट्यातले पोट्टे आल्या आल्या व्हॉलीबॉल कुठे खेळतात ते विचारायचे. तिकडे संध्याकाळी नेट बांधलेलं नाही असं गाव विरळा. आणि अंधार पडला की हेच पोट्टे ताटं-वाट्या घेऊन भीमगीतं सुरू करायचे. प्रफुल थूल हा त्यांतला म्होरक्या. त्याचे आजोबा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळे मेसचं प्रत्येक ताट त्यानं ठोकून पारखलं होतं. सगळ्यात चांगला आवाज कोणत्या ताटाचा, हे त्याला पाठ होतं, आणि ते ताट दुसऱ्या कोणी जेवायला घेतलं की भांडण.

गडचिरोलीकडून आलेला एक पोरगा रविवारी उठून पायी स्टेशनवर जायचा आणि दिवसभर गाड्या बघायचा. त्याच्या गावाच्या आसपास रेल्वे नव्हती. परत आल्यावर कोणती गाडी कुठे जाते ते जेवताना सगळ्यांना सांगायचा. नागपूरची पोरं केसांना पाणी लावून आरशासमोर उभी राहायची आणि मग मोबाइल घेऊन पलंगावर आडवी व्हायची. त्यांना हसायचं कारण नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या पोराला पलंग हीच तेवढी स्वतःची जागा मिळालेली असते.

आणि कारंजा-आष्टीकडच्या डोंगराळ भागातली पोरं दिसायचीच नाहीत. ती नाल्यात असायची. नीलेश कुमरे हा त्यांतला. उंच, काटक, विचारलं तरच बोलणारा. पहिल्याच पावसाळ्यात त्यानं मेसची बादली नेली आणि ती खेकड्यांनी भरून आणली. आमच्या स्वयंपाकीण मंदाबाई बादलीत हात घालून किंचाळल्या. मी रागवायला गेलो, तोवर त्या सावरल्या होत्या. नीलेशला म्हणाल्या, "पह्यले सांगतलं असतं त मसाला तरी वाटून ठेवला असता." त्या दिवशी नागपूरच्या पोरांनी मोबाइल बाजूला ठेवून खेकड्याची नांगी कशी फोडायची ते शिकून घेतलं.

वसतिगृहाच्या मागे एका लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या कॉलनीची, मोकळी जागा होती. लेआउट टाकताना अशी जागा सोडावीच लागते. तिथं गाजरगवत आणि बाभळीची झुडपं माजली होती. साप निघायचे, कोणी फिरकत नव्हतं. प्रफुलनं ती जागा हेरली. मंदाबाईंचा विळा, माळ्याचं फावडं आणि पोरांचे हात, एवढ्यावर दिवाळीच्या आधी मैदान तयार झालं. नेट म्हणून नीलेशनं एका मासेमाराकडून फाटकी जाळी आणली आणि स्वतः विणून नीट केली. मी बॉल आणला.

पुढचे काही महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सोपे गेले. प्रफुल बॉल वर उचलायचा आणि नीलेश हवेत उठून मारायचा. न बोलणारा पोरगा, पण त्याची उडी पाहायला कॉलनीतली पोरं वसतिगृहाच्या कंपाउंडवर येऊन बसू लागली. मग खेळायलाच आली. कोणी डॉक्टरचा, कोणी व्यापाऱ्याचा, कोणी बँकेतल्या साहेबांचा. नागपूरवाले आले, गाड्या बघणाराही आला. मेसमध्ये पोळ्या कमी पडायला लागल्या. ठेकेदार माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की पोट्टे खूप खाऊन राह्यले. मी म्हटलं, त्यासाठीच तर तुम्हाला ठेवलं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पोरं परत आली तेव्हा त्या जागेभोवती भिंत होती. लोखंडी गेट, गेटला कुलूप आणि पाटी : 'फक्त रहिवाशांसाठी.' आत चालायला फरशीची वाट आणि मधे लॉन. पोरांनी साफ केलेल्या जागेवरच ते लॉन होतं.

मी कॉलनीच्या सचिवांकडे गेलो. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली.

"सर, तुमची मुलं चांगली आहेत," ते म्हणाले. "पण लोकांना प्रश्न पडतो. कोण कुठून आलेलं, काही सांगता येत नाही."

"मी सांगतो ना. एकेकाचं गाव सांगतो."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

"समजून घ्या," ते म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

हे 'समजून घ्या' आमच्या घरात जुनं आहे. माझ्या आजोबांनाही ते सांगितलं गेलं होतं, तेव्हा गोष्ट विहिरीची होती. आजोबांनी समजून घेतलं नाही, आणि पुढे सगळ्या वस्तीबरोबर दीक्षा घेऊन मोकळे झाले. मी सरकारी नोकर. कपातला चहा तसाच ठेवून उठलो, एवढंच केलं.

पोरं मग पुलियावर बसू लागली. वसतिगृहाकडून मोठ्या रस्त्याकडे जाताना नाल्यावर एक छोटा पूल आहे, त्याला आमच्याकडे पुलिया म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना बसण्याजोगे कठडे. संध्याकाळी तिथं गार वारा येतो. पोरं ओळीनं बसायची, गप्पा मारायची, कधी प्रफुल कठड्यावर ठेका धरायचा. कॉलनीतली माणसं त्याच पुलावरून फिरायला जायची.

एका रविवारी संध्याकाळी मी कार्यालयात बसलो असताना गाड्या बघणारा पोरगा धावत आला. पोलिसांची जीप आली आणि चौघांना घेऊन गेली, त्यात प्रफुल आणि नीलेश आहेत, असं त्यानं सांगितलं. नेण्याआधी त्यांना रस्त्यावरच कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या. कॉलनीच्या गच्च्यांवरून लोक बघत होते. त्यांत आमच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळलेली पोरंही होती.

मी स्कूटर काढून ठाण्यावर गेलो. समोरचा अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं उर्मटपणा केला नाही. कॉलनीतून फोन होता, टवाळखोर पोरं बसतात म्हणून, असं म्हणाला. मी विचारलं, ती काय करत होती?

"तेच विचारलं त्यांना. काहीच नाही म्हणतात."

"मग?"

"काहीच न करता कोणी तासभर बसतं का, सर?"

मी त्याला विचारलं की कॉलनीतली ज्येष्ठ मंडळी तिथल्या मंदिराच्या ओट्यावर रोज दोन-दोन तास बसतात, ती काय करतात? तो हसला. मी हसलो नाही. समज देऊन सोडतो, असं तो म्हणाला. कशाची समज, ते मी विचारलं. त्यानं कॉन्स्टेबलला पोरांना आणायला सांगितलं.

बाहेर आल्यावर प्रफुल म्हणाला, "सर, आमी फक्त बसून राह्यलो होतो. नीलेश खालचे मासे दाखवून राह्यला होता." नीलेशच्या पँटला गुडघ्यांपर्यंत रस्त्याची धूळ होती आणि ती त्यानं झटकली नव्हती.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज एवढा चिडलो नसतो. पण कोणीतरी वरून उठाबशांचा व्हिडिओ काढला होता. 'टवाळखोरांना घडवली अद्दल' असं खाली लिहून तो पसरवला. रात्रीच्या जेवणाआधी तो वसतिगृहातल्या सगळ्या मोबाइलवर होता. उंच असल्यामुळे नीलेश सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत स्पष्ट दिसत होता. त्याच्या हवेतल्या उडीचा व्हिडिओ कधी कोणाला काढावासा वाटला नव्हता.

सकाळी नीलेशचा पलंग रिकामा होता. गादी गुंडाळून ठेवलेली.

दोन दिवस वाट पाहून मी एसटीनं कारंज्याला गेलो, तिथून एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर बसून त्याच्या गावी. नीलेशचे वडील वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरी करतात. त्यांनी मला खाट टाकून दिली, पाणी दिलं आणि मोबाइल समोर धरला. व्हिडिओ नीलेशच्या मामानं पाठवला होता.

"साहेब, पोट्ट्यानं केलं काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मंग उठाबशा कायच्या?"

मी आयुष्यभर पालकांना उत्तरं दिली आहेत. मार्क कमी का पडले, शिष्यवृत्ती का अडली, वरण पातळ का. ते वाट बघत राहिले, मग त्यांनीच मान खाली घातली. लाज मला वाटायला हवी होती आणि ती त्यांना वाटत होती.

नीलेश नाल्यावर होता. मी तिकडे गेलो. गावातली लहान-मोठी पोरं पाण्यात उतरली होती आणि तो एका खडकावर उभा राहून ओरडून सांगत होता, कोणत्या दगडाखाली हात घालायचा, कोणत्या नाही. त्याचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात होता. वर्ध्यात मी त्याचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. मला पाहताच तो थांबला आणि खडकावरून खाली उतरला.

परत चल म्हणालो तर नाही म्हणाला. वडिलांनी समजावलं, तरी नाही. शेवटी त्याची आई, जी इतका वेळ चुलीपाशी पाठ करून बसली होती, वळून म्हणाली, "बारावी करून येजो. मंग नको जाऊ तिकडं." तो माझ्याबरोबर निघाला.

परत आलो तर वरिष्ठ कार्यालयातून सूचना आली होती. कॉलेजची वेळ सोडून मुलांना गेटबाहेर पाठवू नये, आणि रविवारी व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्यानं ठेवावीत. मी साहेबांना भेटलो. म्हटलं, चूक पोरांची नव्हती. साहेब म्हणाले, चूक कोणाची हा प्रश्नच नाही, उद्या वर्तमानपत्रात आलं तर? मी म्हटलं, येऊ द्या, मीच देतो. साहेबांनी फाइल उघडून तीत डोकं घातलं. भेट संपली, असा त्याचा अर्थ.

आता पोरांनी काय करावं? मैदान बंद, पुलिया बंद, नाला बंद, स्टेशन बंद. ताटं वाजवणंही प्रफुलनं आपणहून बंद केलं. नागपूरची पोरं पूर्वीपासून जे करत होती, तेच आता वडनेरचे, कारंज्याचे आणि गडचिरोलीचे करू लागले. सगळे पलंगावर आडवे, प्रत्येकाच्या तोंडावर मोबाइलचा निळा उजेड. रविवारी दुपारी मी खोल्यांवरून फिरायचो तेव्हा कोण कुठल्या भागातला ते ओळखू येईना. भागा-भागाचा फरक एका कुलपानं मिटवून टाकला होता.

आणि पहिल्याच व्याख्यानाचा विषय आला : 'मोबाइलच्या विळख्यात तरुण पिढी'. वक्ते कार्यालयानं परस्पर ठरवले होते. भाऊसाहेब.

ते चांगलं बोलले. डोळे बिघडतात, झोप बिघडते, माणूस माणसाशी बोलत नाही, हे सगळं खरंच आहे. आमच्या काळी आम्ही दिवस मावळेपर्यंत घराबाहेर असायचो, म्हणाले. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "मोबाइल खाली ठेवा आणि मैदानावर जा."

प्रफुल उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले, आवाज नम्र.

"कोणत्या, सर?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर भाऊसाहेबांना बरं वाटलं असतं. सगळी पोरं त्यांच्याकडे पाहत राहिली, उत्तराची खरोखर वाट बघत असल्यासारखी. भाऊसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. कार्यालयातून आलेल्या साहेबांनी प्रफुलला खाली बसायला सांगितलं. तेव्हा मी उठलो आणि म्हणालो की प्रश्न बरोबर आहे, तो बसणार नाही. पाहुण्यांनी उत्तर द्यावं. पाहुण्यांनी दिलं नाही. आभार मानून कार्यक्रम गुंडाळला. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोकरीत मिळालेल्या कागदांपैकी तो एक मी अजून जपून ठेवला आहे.

भाऊसाहेबांच्या मनाला मात्र लागलं असावं. त्यांनी कॉलनीच्या सभेत विषय काढला, असं ऐकलं. महिन्याभरानं चौकीदार निरोप घेऊन आला, की रविवारी सकाळी एक तास मुलांनी यावं. अटी होत्या. गळ्यात ओळखपत्र हवं, जाता-येता चौकीदाराकडे नाव सांगायचं, लॉनवर उडी मारायची नाही.

व्हॉलीबॉल, आणि उडी मारायची नाही.

मी पोरांना विचारलं. जायचं असेल तर जा, नसेल तर नका जाऊ, म्हटलं. प्रफुल म्हणाला, "सर, पट्टा गयात घालून बैलबी खेयत नाई." कोणीच गेलं नाही. दोन-तीन रविवार वाट पाहून कॉलनीनं कार्यालयाला कळवलं, आणि कार्यालयानं आपल्या अहवालात घातलं : मुलांना मैदानी खेळात रस दिसून येत नाही. वर्ध्यातल्या त्या कार्यक्रमात टाळ्या पडल्या त्या असल्या वाक्यांवर. अशी वाक्यं कुठून येतात ते मी पाहिलं आहे, म्हणून माझे हात टाळी वाजवायला उठत नाहीत.

बारावीची परीक्षा झाली. प्रफुल पुढे नागपूरला शिकायला गेला आणि आता तिकडेच नोकरी करतो. भेटला की अजून टेबलावर बोटं वाजवतो. नीलेशचा शेवटचा पेपर झाल्यावर त्याला न्यायला त्याचे वडील आले. ते पहिल्यांदाच वर्ध्याला आले होते. इथवर आलोच आहे तर सेवाग्रामचा आश्रम पाहून जातो, म्हणाले. पोराला म्हणाले, चाल, दाखव.

नीलेश माझ्याकडे बघायला लागला. दोन वर्षं तो वर्ध्यात राहिला होता आणि सेवाग्रामला कसं जातात ते त्याला माहीत नव्हतं. मी ऑटो बोलावला आणि दोघांना घेऊन निघालो.

दुपारची वेळ, फारशी गर्दी नव्हती. मातीच्या कुट्या पाहून झाल्या. वडील प्रत्येक दारापाशी चपला काढून वाकून आत बघत होते. ते पुढे गेले आणि आम्ही दोघं आवारातल्या एका मोठ्या झाडाच्या सावलीत आलो. खाली स्वच्छ झाडलेली जमीन, वर पानांची सळसळ. नीलेशनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग हळू आवाजात मला विचारलं,

"सर, इथं बसलं त चालते का?"

मी म्हटलं, बस. तरी तो उभाच राहिला. मग मी आधी जमिनीवर बसलो, तेव्हा तो बसला.